पास्कूचा गोंडा

पास्कूबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता तोही नाही. त्याचे किस्से सांगून मी लोकांना पुष्कळ हसवलं, पण एक किस्सा दर वेळी गाळला.

मालवणात आमच्या इमारतीत पास्कू तळमजल्याला, मी बरोब्बर त्याच्या वर. त्याच्या गॅलरीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत; ऊन म्हणून येत नसे. आणि ह्याला लावायचा होता गोंडा, म्हणजे झेंडू. सकाळी कुंडी जिन्यात, मग माझ्या स्कूटरच्या सीटवर, दुपारी पाण्याच्या टाकीवर. कुंडी कडेवर घेऊन तो उन्हामागे हिंडे. स्कूटर हवी असली की मी ओरडायचो.

"ऊन काय तुझ्या बापाशीचा?" तो विचारायचा.

"अरे, सावलेत मनीप्लांट लाव."

"मनीप्लांट काय कबरेर घालू?"

त्याची बायको कार्मेलीन जाऊन वर्ष होत आलं होतं. गावच्या घरी सगळी बाग तिची. "तुझ्या हातान गवतय रुजाचा नाय," असं ती त्याला जन्मभर चिडवायची. म्हणून मृतांच्या दिवशी, सगळे ख्रिस्ती आपापल्या माणसांच्या कबरी सजवतात तेव्हा, तिच्या कबरीवर स्वतः लावलेलं फूल न्यायचं, एवढाच हट्ट. बाजारात ढीग होते. "विकतचो तिका कळतलो," म्हणे.

एकच कळी आली. आदल्या संध्याकाळी तो कुंडी माझ्या गॅलरीत ठेवून गेला. "सकाळचा ऊन तुझ्याकडे आसा. फुललो की हाक मार."

सकाळी आंघोळ करून मी गॅलरीत आलो. गोंडा टपोरा उमलला होता. आमच्याकडे पूजेसाठी कुणाच्याही कुंपणातलं फूल खुडतात, विचारत नाहीत. हात आपोआप जातो. माझा गेला. गणपतीच्या डोक्यावर ते ठेवल्यावर आठवलं, कुंडी कुणाची. देवाला वाहिलेलं फूल कबरीसाठी परत काढायचं कसं? तेवढ्यात बेल वाजली.

दारात पास्कू, ठेवणीतला कोट घालून. "बापू, फुललो मां?"

"वांदरान खाल्ल्यान रे."

तो गॅलरीत जाऊन रिकामा देठ बघून आला. "पण फुललेलो तू बघलंस?"

"बघलंय. मुठीएवढो होतो."

"शपथ?"

"शपथ."

"मगे बरा झाला. तिका सांगतंय, बापू साक्षीदार आसा."

तो रिकाम्या हातानं जिना उतरला. "पास्कू!" मी कठड्यावरून हाक मारली. त्यानं वर पाहिलं. 'फूल मी खुडलं, माफ कर', एवढंच बोलायचं होतं.

"सावकाश जा," मी म्हणालो.