वहीतले नऊ शनिवार

समजा, तुम्ही तेरा वर्षांचे आहात. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? नुसतं समजा. वर्गात उंचीप्रमाणे उभं केलं की तुमचा नंबर पहिला लागतो, म्हणजे सगळ्यांत बुटक्याचा. तुम्हाला हँडबॉलचं वेड आहे आणि समोर हात वर करून अडवायला उभ्या राहणाऱ्या मुली तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहेत. त्यांच्या डोक्यांवरून चेंडू मारायचा तर उंच उडायला हवं, आणि उडायचं तर पायांत जोर हवा. तो यावा म्हणून सरांनी व्यायामाची एक वही दिली आहे. आज शनिवार. सोमवारी सर वही बघणार आणि संध्याकाळी संघ निवडणार. आणि वहीची तीन आठवड्यांची पानं कोरी करकरीत आहेत. बोला, काय कराल?

तिसऱ्या मजल्यावरच्या भिंगरीने जे केलं ते मात्र करू नका.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ती एका जागी ठरत नसे म्हणून ते तिला चिकटलं होतं. तिची आई कपडे शिवायची. संघाचे चौदा टी-शर्ट तिच्याकडेच शिवायला होते. तेरांवर आकडे शिवून झाले होते, चौदावा मशीनवर होता. जाता-येता भिंगरी त्याच्याकडे अशी बघायची, जशी मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघते.

वही कोरी राहण्याला कारणं होती. पहिल्या आठवड्यात चाचणी परीक्षा होती. दुसऱ्या आठवड्यात सर्दी. तिसऱ्या आठवड्यात "उद्यापासून नक्की" होतं.

सरांचा व्यायाम खरं तर सोपा होता. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दर वेळी आठ-आठ उठाबशांच्या तीन फेऱ्या, तेवढ्याच वेळा पायरीवर चढ-उतार, आणि पाच-पाच उड्यांच्या तीन फेऱ्या. "उडी मारून खाली येताना मांजरासारखं यायचं," सर सांगत, "पोत्यासारखं नाही." आणि सरांचा एकच नियम होता: "गोल चुकला तर चालेल. वही खोटी निघाली तर संघात जागा नाही."

भिंगरीच्या मैत्रिणीने सुचवलं, "अगं, नऊ खुणा करून टाक. सर काय तुझ्या घरी बघायला आले होते?"

"छे! खोट्या खुणा नाही करायच्या."

"मग?"

"मग काय, राहिलेला गृहपाठ आपण एका दिवसात उतरवतोच ना? तसंच!"

आणि मंडळी, तिने खरंच उतरवला. नऊ दिवसांचा व्यायाम, एका शनिवारी. उठाबशा दोनशे सोळा. चढ-उतार दोनशे सोळा. उड्या एकशे पस्तीस. त्यातल्या पहिल्या वीस मांजराच्या होत्या, उरलेल्या पोत्याच्या. शेवटी तिने वही उघडली, नऊ ओळींत नऊ खुणा केल्या आणि तारखेच्या रकान्यात, खोटं लिहायचं नाही म्हणून, नऊ वेळा लिहिलं: शनिवार, शनिवार, शनिवार...

रविवारी सकाळी ती उठली. म्हणजे कमरेपर्यंत उठली. पाय अंथरुणातच राहिले.

"भिंगरे, खालून पांढरा दोरा आण गं," आईने मशीनवरूनच सांगितलं.

"आणते," असं म्हणून ती भिंतीला धरून जिन्यापर्यंत आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि मांडीतून अशी कळ आली की तिचे डोळे पांढरे झाले. दुसरा पाय टाकून बघितला, तो पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला. मग तिने कठड्याला धरून तोंड वरच्या बाजूला केलं आणि शिडी उतरतात तशी पाठमोरी एक पायरी उतरली. जमलं! तशीच ती पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचली आणि पाठीमागून आवाज आला, "काय गं, हे काय नवीन?"

तिथे निवृत्त पोस्टमनकाका राहायचे. चाळीस वर्षं ते लोकांचे जिने चढले होते आणि आता स्वतःच्या जिन्यावर त्यांचे गुडघे कुरकुरत. शिवाय, कानावर आलेली बातमी घरोघर पोहोचवायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

एका दिवसात तीन आठवडे उरकले, हे सांगायची भिंगरीला लाज वाटली. "व्यायाम आहे, काका. पायांत जोर येतो."

"सरांनी दिलाय?"

भिंगरीने मान हलवली. कशी हलवली ते तिलाही नीट कळलं नाही, पण काकांनी ती "हो" अशी धरली.

दुपारपर्यंत काका तीनदा पाठमोरे उतरले होते. चौथ्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्यांना हटकलं.

"काका, पडाल हं!"

"पडायचं काय त्यात? कठडा धरलाय ना. हँडबॉलच्या सरांचा खास व्यायाम आहे! गुडघा बघा, एकदाही बोलला नाही."

नर्सबाईंचे पाय दिवसभर वॉर्डात उभं राहून सुजलेले असत. त्यांनीही करून बघितलं. त्यांचं बघून समोरच्या गवळ्याने, गवळ्याचं बघून पेपरवाल्याने. संध्याकाळी अशी वेळ आली की चढणारे सरळ आणि उतरणारे उलटे. चढणाऱ्याला नुसत्या पाठी दिसायच्या आणि उतरणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. "आलो हं!", "पाठ आली, पाठ आली!" अशा आरोळ्यांनी जिना दुमदुमून गेला. गवळ्याची किटली कोणाच्या तरी कोपराला लागली आणि दोन पायऱ्या दुधाने धुतल्या गेल्या.

"ही काय अवदसा आठवली सगळ्यांना?" आई म्हणाली.

भिंगरीने पाय एका उशीवर ठेवले आणि तोंड दुसऱ्या उशीखाली लपवलं.

सोमवारी सकाळी सात वाजता, कामावर जाणाऱ्यांची गर्दी असताना, टी-शर्ट न्यायला कोण आलं असेल? सर! त्यांनी खालून वर बघितलं, तर आठ-दहा माणसं कठड्याला धरून पाठमोरी खाली येत होती. पुढे, म्हणजे खरं तर मागे, काका.

"अहो, काय चाललंय काय हे?" सरांनी विचारलं.

काकांनी मान वळवून बघितलं. "कोण, सर? या या! तुमचाच व्यायाम करतोय. बरं झालं आलात. दिवसातून किती फेऱ्या करायच्या ते विचारायचंच होतं."

"माझा व्यायाम?"

"म्हणजे काय! तुमच्या भिंगरीने सांगितलं."

वर तिसऱ्या मजल्यावर भिंगरीने हे सगळं ऐकलं. सर जर नुसते "हो" म्हणाले तर ती वाचत होती. पण सर वर तिसऱ्या मजल्याकडे बघत उभे राहिले.

भिंगरीने वही उचलली, कठडा धरला आणि निघाली. पाठमोरीच, कारण दुसरा इलाजच नव्हता. चोपन्न पायऱ्या. दर पायरीला "आई गं". मागोमाग आईही आली. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले आणि तिला वाट दिली.

"सर," ती त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणाली, मग कशीबशी वळली. "हा व्यायाम नाहीये. मला सरळ उतरताच येत नाही. मी काकांना खोटं सांगितलं."

सरांनी वही उघडली. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. नवव्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या होत्या.

"शनिवार," ते म्हणाले. "सगळे शनिवार?"

"एकाच दिवशी केलं. खरंच केलं, सर. सगळं."

"ते दिसतंय!" सर म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरेना.

आईला मात्र हसू आलं नाही. "अगं वेडाबाई, एकाच जागी नऊदा शिलाई मारली तर कापड मजबूत होतं का? फाटतं! माझ्याकडे बघून एवढंही शिकली नाहीस?"

"ताई, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवं होतं," सर म्हणाले. "बघ भिंगरे, जोर व्यायाम करताना येत नाही, व्यायामानंतर विश्रांती घेतली की येतो. मधला दिवस मी उगाच ठेवलेला नाही. आज तुला उडी मारता येईल?"

भिंगरीने मान हलवली. या वेळी कोणाचाही गैरसमज झाला नाही.

"मग आज तू उडायचं नाहीस. मैदानाकडेला बसून सगळ्यांच्या उड्या मोजायच्या आणि लिहायच्या. वही कशी लिहावी हे तुला कळतं. तेरा जणींची निवड आज. चौदावी जागा पुढच्या सोमवारपर्यंत मोकळी. त्या दिवशी तुझी उडी कमी पडली तर मात्र ती जागा दुसरीची. आणि काकांना काय सांगायचं?"

"काका, चुकले मी. आता सरळ उतरा तुम्ही."

"छे!" काका म्हणाले. "तू खोटं बोलली असशील, माझे गुडघे नाही बोलत." आणि ते पाठमोरे बाहेर पडले. नर्सबाईही गेल्या, तशाच.

मायलेकींपाठोपाठ सर तिसऱ्या मजल्यावर आले, तेरा टी-शर्टांचं गाठोडं घेतलं आणि चौदावा मशीनवर परत ठेवला. "हा इथेच राहू दे, ताई." मग ते निघाले. दोन पायऱ्या उतरून थांबले, उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. इकडे तिकडे बघितलं. जिन्यात कोणी नव्हतं. सर हळूच वळले आणि गाठोडं छातीशी धरून पाठमोरे उतरू लागले.

दाराच्या फटीतून ते दोन डोळ्यांनी बघितलं, पण त्या डोळ्यांनी ही बातमी काकांना काही दिली नाही.

भिंगरीने सोमवारी सगळ्यांच्या उड्या मोजून लिहिल्या, तीन दिवस घरी पाय उशीवर ठेवले आणि वहीत तीन ओळींत लिहिलं: विश्रांती. गुरुवारी ती सरळ जिना उतरून परत वर आली, वही उघडली आणि उठाबशा सुरू केल्या. पहिली फेरी आठ. दुसरी आठ. तिसरी आठ. चोविसावी झाली, पाय छान गरम झाले, मशीनवर चौदावा टी-शर्ट दिसत होता आणि पंचविसावी उठाबशी अगदी दारात येऊन उभी राहिली.

भिंगरी तिला म्हणाली, "परवा ये."