शंभरपैकी चार

तपासणी म्हणा, पाहणी म्हणा, काकासाहेब तीत कधी नापास झाले नव्हते! सावरदरा दूध संस्थेचे ते बावीस वर्षं सचिव. “माझ्या कारकिर्दीत येणारा सायेब जाताना चांगलाच शेरा मारून गेलाय,” असं ते संगमनेरच्या बाजारातही अनोळखी माणसाला थांबवून सांगत.

यामागे एक शास्त्र होतं. गावातल्या शाळेच्या बारा कुंड्या तपासणीच्या आदल्या दिवशी आणायच्या, दारात मांडायच्या आणि साहेबाची गाडी वळणापलीकडे गेली की परत धाडायच्या. याच कुंड्यांनी अंगणवाडीला, ग्रामपंचायतीला आणि दवाखान्याला बक्षिसं मिळवून दिली होती. गावात कुठल्याही माणसापेक्षा त्या कुंड्यांना जास्त प्रमाणपत्रं मिळाली होती.

एप्रिलमध्ये तालुका संघाचं पत्र आलं. हवामान बदलाचे धोके ओळखून संस्थांना त्यांच्याशी जुळवून घ्यायला मदत करणारं एक पथक येणार, धोक्यांचं मूल्यांकन करणार आणि त्यानुसार दूध थंड करायची नवी टाकी, सौर पॅनेल वगैरे देणार, असा मजकूर होता. काकासाहेबांनी ‘मूल्यांकन’ वाचलं आणि ‘नवी टाकी’ वाचली. मधला मजकूर त्यांच्या मते सरकारी पद्धतीचा म्हणून घातलेला होता.

टाकी मात्र हवीच होती. जुन्या टाकीला वीज गेली की दम धरवत नसे, आणि उन्हाळ्यात वीज रोज जाई. गेल्या मे महिन्यात अकरा दिवस टँकरवाल्याने दूध नासलं म्हणून परत केलं. साळूबाईंनी भर सभेत सांगून टाकलं होतं, “येत्या उन्हाळ्यात माझं दूध परत आलं, तर माझ्या चार गाया सडकंवरच्या खासगी डेअरीला. आन् माझ्यामागं चाळीस बाया.” चाळीस बाया गेल्यावर संस्थेत काकासाहेब, एक खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ एवढंच उरलं असतं. घड्याळही बंदच होतं.

“कान्या, पयला नंबर पायजे!” काकासाहेब म्हणाले.

कानिफनाथ हा संस्थेत दुधाची फॅट काढणारा. पन्नाशीला आला होता, आणि सचिवांच्या आज्ञेवर शंका घेणं त्याने तिशीतच सोडून दिलं होतं. तो कामाला लागला. दोन वर्षांपूर्वी ओढ्याचं पाणी ऑफिसात शिरलं, त्याची छातीइतकी खूण भिंतीवर होती. तिच्यावर ऑइलपेंटचे दोन हात बसले. गळक्या पत्र्याखाली जुना फ्लेक्स ताणला. आटलेल्या बोअरच्या हौदात टँकरचं पाणी ओतलं. ‘दूध परत’ची वही पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घालून माळ्यावर गेली. दारात बारा कुंड्या लागल्या.

मग सभासदांची शिकवणी झाली. “उन्हाळ्याचा तरास न्हाई, पुराचा न्हाई, दुष्काळाचा न्हाई. एवढंच बोलायचं. मी सोता उलटं इचारलं तरी बदलायचं न्हाई! सायेब लोक अशीच परीक्षा घेत्यात.”

साळूबाईंनी मान डोलावली. त्यांनी एकदा मान डोलावली की विषय संपला, हे गावाला ठाऊक होतं.

मूल्यांकनाच्या दिवशी सकाळी राहात्याहून तौफिक मंडपवाला जनरेटर घेऊन आला. वीज गेली तरी टाकी चालू राहावी म्हणून तो मागवला होता. शिवाय संस्थेशेजारच्या गोठ्यासाठी लग्नातले तीन मोठे कूलरही होते. सात वाजताच वीज गेली. तौफिकने सगळं जोडलं, तसा जनरेटर गुरगुरून बंद पडला.

“एवढा लोड घेणार नाही, काकासाहेब. टाकी तरी काढा, नाहीतर कूलर तरी.”

काकासाहेबांनी क्षणभरच विचार केला. “टाकीचं काढ. टाकीत कोन डोकावतंय? गारवा अंगाला जानवला पायजे.”

अकरा वाजता पथकातर्फे मोनिका मॅडम एकट्याच आल्या. हातात लॅपटॉप, पाठीवर सॅक, बोलणं हळू. कूलरसमोर डोळे मिटून उभ्या असलेल्या गाई त्यांनी पाहिल्या आणि काहीतरी टिपून घेतलं. काकासाहेबांना बरं वाटलं.

“उन्हाळ्यात जनावरांना त्रास होतो का?”

“अजिबात न्हाई,” साळूबाई म्हणाल्या. “मे म्हैन्यात आमी गोधडी घेतो.”

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. “गोधडी?”

“दोन. पहाटं पहाटं लई गारठा पडतो.”

“पाऊस कमी पडला तर?”

“पानी लई हाय.”

“मग पूर येत असेल?”

“पूर यायला पानी कुठंय?”

मॅडमनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. त्यांनी भिंत पाहिली, वह्या मागितल्या, हौदात डोकावल्या. कुठेच काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी लॅपटॉप काकासाहेबांकडे वळवला. “सगळं उत्तम आहे. शंभरपैकी चार.”

काकासाहेबांचा चेहरा पडला. “चार? कुंड्यांचे धरले का?”

“अहो, हे धोक्याचे गुण आहेत! जितके कमी तितकं चांगलं. तुम्हाला आमच्या मदतीची गरजच नाही. साठच्या वर असलेल्यांनाच टाकी मिळते. शेजारच्या धोंडवाडीला अठ्ठ्याहत्तर आहेत.”

धोंडवाडीचा सचिव राधाकृष्ण म्हणजे ज्याला आयुष्यात साध्या खुर्च्या ओळीत मांडता आल्या नाहीत असा माणूस. त्याला अठ्ठ्याहत्तर! आणि नवी टाकी! काकासाहेबांनी मॅडमची वाट अडवली.

“मॅडम, थांबा. आमच्याकडं धोका हाय. लई हाय! हितं छातीएवढं पानी हुतं!” ते किल्लीने भिंत खरवडू लागले. कानिफनाथने आयुष्यात एकच काम मनापासून केलं होतं आणि ते नेमकं हेच होतं. किल्ली वाकली, रंग हलला नाही.

“कान्या, परतीची वही आन!”

कानिफनाथ माळ्यावरून रिकाम्या हाताने उतरला. रिकामं पोतं म्हणून शेजारच्या शेळीवाल्या मुबारकबी ते सकाळीच मागून घेऊन गेल्या होत्या. तो त्यांच्या घरी धावला आणि अर्धी वही घेऊन परत आला.

“शेळीनं खाल्ली. एप्रिल, मे, जून ग्येला. निस्ता डिसेंबर ऱ्हायलाय.”

मॅडमनी डिसेंबर चाळला. डिसेंबरात दूध एकदाही परत आलेलं नव्हतं.

“साळूबाई,” काकासाहेबांचा आवाज रडवेला झाला होता, “तुमीच सांगा. मे म्हैन्यात किती दूध नासलं?”

साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळा मारला. “न्हाई सचिव. अजिबात न्हाई. गोधडी.”

“अवो, आता खरं सांगा!”

“तुमी उलटं इचारलं तरी बदलायचं न्हाई, असं ठरलंय.” मग मॅडमकडे वळून त्या म्हणाल्या, “दोन गोधड्या.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. काकासाहेब मटकन खुर्चीत बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सगळं मनासारखं झाल्याचं वाईट वाटत होतं. “निदान च्या तरी घ्या,” ते म्हणाले.

चहा यायला उशीर झाला. कानिफनाथ आला तो पातेलंच घेऊन. चहाच्या पाण्यात दुधाचे गोळे तरंगत होते.

“दूध कुठलं?” साळूबाईंनी विचारलं.

“टाकीतलं. आजचंच.”

साळूबाई उठल्या. टाकीपाशी गेल्या, झाकण उघडलं, वास घेतला. आत सगळ्या गावाचं सकाळचं दूध होतं. मॅडम मागोमाग गेल्या आणि त्यांनी थर्मामीटर बुडवला. आकडा बघून त्यांनी तो पुसला आणि पुन्हा बुडवला. चार अंश हवे तिथे आकडा छत्तीसच राहिला.

“टाकी बंद का हाय?” साळूबाईंनी हळूच विचारलं.

तौफिकने काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी कुंड्यांकडे पाहिलं.

“गोधडी ग्येली खड्ड्यात!” साळूबाई कडाडल्या. “मॅडम, ल्ह्या! मागच्या मेमंदी अकरा दिवस माझ्या हातानं दूध ओढ्यात वतलं मी. चार वाजता उठून काढल्यालं दूध! गाय उन्हानं धापा टाकती, पान्हा चोरती, तिच्या पुढ्यात मी बादली घिऊन रडले. आन् त्याच ओढ्यानं पावसाळ्यात हे हापिस बुडीवलं, पेंडीची साठ पोती वाहून ग्येली. समदं ल्ह्या!” एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले. काकासाहेबांची मान खाली गेली. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि हे त्यांच्या कुठल्याच तपासणीत घडलं नव्हतं.

मॅडम अडीच तास लिहीत होत्या. लिहिताना त्यांनी कूलरही बंद करायला लावले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. सावरदरा, शंभरपैकी ब्याऐंशी. टाकी मंजूर, सौर पॅनेल मंजूर, ओढ्याच्या बाजूला संरक्षक भिंतही मंजूर. तालुक्यातल्या नऊ संस्थांमध्ये सगळ्यात जास्त गुण. काकासाहेबांनी पहिलं पान वाचलं आणि थेट फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गावच्या फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स झळकला. ‘हवामानाच्या धोक्यात तालुक्यात प्रथम क्रमांक! सर्व सभासदांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली हात जोडलेले काकासाहेब. राधाकृष्ण मोटारसायकल थांबवून तो दोनदा वाचून गेला, असं कानिफनाथने येऊन सांगितलं. त्या रात्री काकासाहेबांना छान झोप लागली.

जूनमध्ये नवी टाकी बसली आणि साळूबाईंच्या गाई संस्थेतच राहिल्या. त्याच आठवड्यात मॅडमचं पत्र आलं. टाकीचा वापर कसा चालला आहे, याचं मूल्यांकन करायला त्या येणार होत्या.

काकासाहेबांनी ‘मूल्यांकन’पर्यंत वाचलं. पत्राची घडी घातली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“कान्या, कुंड्या सध्या कुनाकडं हायेत?”

कानिफनाथने फॅटच्या बाटलीवरून नजर हलवली नाही. “तुमी अहवालाचं पान चार वाचलं न्हाई वाटतं.”

“का? काय हाय त्यात?”

“धोक्यांची यादी. एक नंबरला तुमी. दोन नंबरला कुंड्या.”