गिलबटरावांची न आलेली खूण

श्री. ज्याने लोकांस हसविले त्याचे स्मरण आधी, आणि ज्याने त्यास रडविले त्याचे पाप शेवटी, ऐसे मनी धरून लेखणी उचलिली. शके पंधराशे एकवीस, विकारीनाम संवत्सरे, पश्चिम समुद्रात टोपीकरांचे एक बेट, तेथे एक बाईसाहेब राज्य करीत, त्यांचे राजधानीत नदीपलीकडे लाकडी वाटोळे नाटकघर होते, तेथील हे वर्तमान. घराचा माथा उघडा. दोन प्रहरी निशाण चढले की दोन हजार माणूस लोटे, आणि ते माणूस राजाचे सोंग पाहावयास येत नसे, राणीचे पाहावयास येत नसे, एका गिलबटरावांस पाहावयास येई. गिलबटराव म्हणजे मंडळीचे सोंगाडे. तीस वर्षे हा हुद्दा त्यांनी सांभाळिला. अंगाने बुटके, नाक चेपलेले, एक डोळा किंचित तिरवा, आणि रीत ऐशी की पाऊल टाकण्याआधी मागील पडद्यातून नुसते मुख बाहेर काढावे. बोलणे नाही, चालणे नाही. मुख दिसले की म्हाताऱ्याकोताऱ्यांसुद्धा सारे घर पोट धरून हसे, आणि मग स्वारी ढोलके आणि पावा घेऊन बाहेर येई. आता टोपीकरांची एक चाल सांगतो, ती ध्यानी धरावी, कां की पुढील घात तिच्यातच आहे. दुसरी मंडळी चोरून नेतील या भयास्तव सगळे नाटक तेथे कोणाचे हाती देत नसत. ज्याचे त्याने बोलावयाचे तेवढे एका चिठ्ठीवर लिहून देत, आणि आधी बोलणाराचे शेवटचे दोनतीन शब्द वर लिहीत, त्यास खूण म्हणत. खूण कानी पडली की प्रवेश करावा. तालीमही फारशी नसे. सगळे नाटक एकट्या चिटणिसापाशी राही. तो चिटणीस म्हणजे मीच. नाव पुसू नये, सांगण्याजोगे राहिले नाही.

गिलबटरावांस अक्षर येत नव्हते. सबब सकाळी मी त्यांचे घरी जावे, चिठ्ठी वाचून दाखवावी, आणि त्यांचे कुटुंब अर्सलाबाई यांनी मज ऊन ऊन भाकर वाढावी, ऐसा वीस वर्षांचा परिपाठ. राव ऐकत, मान डोलवीत, आणि प्रयोगात त्यातील एक अक्षर बोलत नसत, तोंडास येईल ते बोलत. परंतु खूण जीव गेला तरी चुकवीत नसत. म्हणत की, "चिटणीस, बोल माझे आहेत, ते मी मोडीन. खूण दुसऱ्याची आहे. ती मोडली तर चारचौघांत तो उघडा पडेल."

मग मंडळीत अंबरोस म्हणून नवे नाटककर्ते आले. माणूस तापट, परंतु खोटा नव्हे. त्यांनी एका नाटकात मेलेले लेकरू मांडीवर घेऊन रडणारी आई घातली, आणि गिलबटरावांस तिरडी उचलणाऱ्याचे सोंग दिले. आईने म्हटले, बाळ माझे निजले, आणि तीच रावांची खूण, आणि रावांनी रीतीप्रमाणे पडद्यातून मुख काढिले. दोन हजार माणूस खदखदून हसले. स्त्रीवेषातला नट मांडीवरचे लेकरू तसेच धरून बसला आणि हशा थांबेना. अंबरोस रंगपटात येऊन भिंतीस डोके टेकून उभे राहिले. मी पाहिले आहे, खोटे का बोलू. त्याउपरि मंडळीचे मुख्य रोलंड यांनी मसलत केली, आणि ठरले की पुढील नाटकात सोंगाड्या नको, आणि त्यापुढेही नको, लोकांची रुची पालटली. ठरविले सर्वांनी, परंतु मांजराचे गळ्यात घंटा कोणी बांधावी? साऱ्यांनी त्यांचे घरचे अन्न खाल्लेले. मग साऱ्यांनी मजकडे पाहिले. रोलंड बोलिले की, वाचून तू दाखवितोस, तर वाचावयाचे राहिले नाही हेही तूच सांग.

मी गेलो. हाती कोरा कागद. अर्सलाबाईंनी भाकर वाढली आणि रावांनी विचारिले, या खेपेस कोण? माझी पाचावर धारण बसली, आणि कोऱ्या कागदात पाहून मी वाचिले, नावाडी. आणि खूण, "होडी कोणाची आहे". राव एकदम उठले. त्यांचा बाप नावाडी होता, म्हणून तो पाय कसा टाकी ते चुलीपुढे चालून दाखवू लागले, आणि बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मी मनाशी म्हटले, खरे उद्या सांगू. उद्याचा परवा झाला आणि ऐसे नऊ दिवस गेले.

दहावे दिवशी नाटक. राव बापाची जुनी टोपी घालून, मुखास रंग लावून, पडद्यामागे येऊन उभे राहिले. इतरांस वाटले, यास कळले आहे, शेवटचा रंग लावून मायेने ऐकावयास आला आहे. म्हणून कोणी नजर देईना. मी जवळ दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी ओठावर बोट ठेविले, खूण ऐकू द्या म्हणून. तीन तास ते उभे. तीस वर्षे आपलेपुरते दोन बोल ऐकून उरला वेळ रंगपटात गप्पा मारणारा तो माणूस, त्या दिवशी प्रथमच पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत नाटक ऐकत होता. आणि नाटक चांगले होते हो! बाहेर लोक रडले, आत राव रडले, गालांवरला रंग ओघळून टोपीचे बंदावर आला. मग खेळ संपला, लोक गुपचूप उठून गेले, सोंगाड्या कोठे म्हणून एकानेही विचारिले नाही. राव मजकडे वळले आणि हळूच म्हणाले, "चिटणीस, खूण येऊन गेली काय?"

येथे खरे बोलण्याची वेळ होती. मी म्हणालो, "आली होती."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेविले. मग प्रत्येकापाशी जाऊन, कान गेले, तुमचा खेळ बुडविला असता, क्षमा करा, ऐसे म्हणाले. अंबरोसांपाशी गेले तेव्हा त्यांनी खाली पाहिले, आणि रोलंड टोपीशी चाळा करीत राहिले. ढोलके आणि पावा खुंटीस अडकवून राव कुटुंबासह गावी निघून गेले.

चार वर्षांनी वर्तमान आले की राव अंथरुणास खिळले. तेव्हा खरे सांगावे या निश्चयाने मी गेलो. अर्सलाबाई दारातच म्हणाल्या, "शेतापलीकडे कोंबडी ओरडली तरी यांस ऐकू येते. पण मानीत नाहीत. मी बहिरा म्हणतात." आणि मज आत नेले. थंडीकरिता खाटेभोवती कांबळे टांगलेले. आत श्वास ऐकू येत होता. मी तोंड उघडिले, खरे सांगावयास उघडिले, आणि बाहेर पडले ते, "होडी कोणाची आहे?"

कांबळे हलले. मुख बाहेर आले. तेच नाक, तोच तिरवा डोळा, बाकी हाडे. दोन हजार माणूस ज्यास हसत असे त्यापुढे मी एकटा उभा, आणि मज हसू येईना, हुंदका आला. रावांनी हशाची वाट पाहिली, बरीच पाहिली, आणि मग म्हणाले, "याही खेपेस चुकलो काय, चिटणीस?"

मी म्हणालो, नाही राव, अगदी वेळेवर आलात. ते मुख आत घेऊन निजले. तिसरे दिवशी वारले.

एवंच, तीस वर्षे खूण न चुकविणारा माणूस खूण चुकली या दुःखात गेला. खूण नव्हतीच, हे अर्सलाबाईंसही मी अजून सांगितले नाही. त्यांस अक्षर येत नाही. हा कागद कोणी तरी त्यांस वाचून दाखवावा.