आभार मानायचा मित्र

अमेरिकेच्या बड्या साहेबांना व्हिडिओवर दाखवण्यासाठी ‘थँक्सगिव्हिंग’ हा त्यांचा आभाराचा सण करायचा आणि ज्याचे आभार मानायचे राहून गेलेत असा एकेक मित्र प्रत्येकानं आणायचा, असा हुकूम रोह्याच्या कंपनीत सोमवारी निघाला. पेणच्या हितेश म्हात्रेला आयुष्यात पहिल्यांदाच ऑफिसचा एखादा हुकूम आवडला.

दोन वर्षांपूर्वी, जुलैत, कामावर येताना निडीजवळच्या साकवावरून तो मोटरसायकलसकट ओढ्यात गेला होता. काठावर डोळे उघडले तेव्हा शेजारी कातकरवाडीतला केरू विडी ओढत बसला होता. तेव्हापासून दर दिवाळीला हितेश वाडीवर फराळ पोचवी. पण आभाराचा शब्द काही तोंडातून फुटला नव्हता. आता तो कागदावर लिहून काढला, चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठ केला.

गुरुवारी केरू धुवट शर्ट घालून आला. त्याला पाहताच एचआरच्या भूमिका मॅडमनी टाळी वाजवली.

“परफेक्ट! आपल्या थँक्सगिव्हिंगच्या नाटुकल्यात आदिवासी हवाच होता!”

“मॅडम, तो पाहुणा आहे,” हितेश म्हणाला.

“अरे, मानाचा रोल आहे!” म्हणत मॅडमनी केरूच्या कपाळाला कोंबडीची पिसं चिकटवलेली पट्टी बांधलीसुद्धा.

हितेशला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

“गोष्ट काय हाय ही?” केरूनं विचारलं.

“अमेरिकेत परदेशातून बोटीनं लोक आले. उपाशी होते. तिथल्या आदिवासींनी त्यांना पेरायला शिकवलं. पीक आलं, मग सगळे एकत्र जेवले.”

“मंग?”

“मग...” हितेशनं आवाज खाली आणला. “मग आदिवासींच्या जमिनी गेल्या. माणसंही गेली.”

केरूनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. “तुमच्या गाड्या लावल्यात ना, तिथं आमचं घर व्हतं. मोजणीचे सायब आलेले तवा आयनं त्यांना भात नि चिंबोऱ्या वाढलेल्या.” मग कपाळावरचं पीस खाजवत तो म्हणाला, “म्हंजे मला पाठ करायला नको.”

हितेशनं त्याच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली आणि तो तडक माइककडं गेला. पाठ केलेलं एक अक्षरही आठवेना.

“पिसं कुणालाच लावायची नाहीत,” तो ओरडला. “त्यांनी जेवू घातलं, आपण जागा घेतली. आणि आज त्यांनाच इथं सोंग करून उभं करतोय! लाज वाटते मला.”

मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. हितेशला आपलं प्रमोशन दारातून बाहेर जाताना स्पष्ट दिसलं. पडद्यावरच्या गोऱ्या साहेबांनी मात्र कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांना मराठी येत नव्हतं.

आता बुडालोच आहोत, तर निदान खरं काम उरकावं म्हणून हितेशनं केरूला जवळ ओढलं. “ह्या माणसानं माझा जीव वाचवला. केरू, तुझे—”

“हितेशदादा, रागावू नको,” केरू माइकमध्येच म्हणाला. “तुला मी नाय काढला.”

“मग कोणी?”

“शिवानं. माझा मेव्हणा. तुला काठावर ठेवून तो तुझी गाडी काढाय परत पाण्यात गेला. मी नुसता राखण बसलेलो.”

“अरे, दोन वर्षं बोलला का नाहीस?”

“तू एवढ्या मायेनं करंज्या आणल्यास, नाय कसं म्हणू? नि शिवाला साखरेचा आजार. त्याला चालत नाय.”

हितेशनं कपाळाला हात लावला. “कुठं आहे तो?”

“गेटवर. मला सोडाय आलाय. वाचमन बोलला, एका मानसाला एकच मित्र.”

हितेश धावत सुटला. कुंपणाच्या सावलीत एक काळासावळा, हडकुळा माणूस उकिडवा बसला होता. हितेशला बघून तो गडबडीनं उठला. हितेशला धाप लागली होती. त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आतच शिवा ओशाळून म्हणाला,

“गाडी नाय गावली रं तुझी. दोन दिस शोधली.”