दातारकाकांच्या डिकीतली बाटली

दातारकाका भांडायच्या आधी हेल्मेट काढतात. स्कूटर स्टँडवर लावायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं, मगच तोंड उघडायचं. "तोंड झाकून भांडतो तो भित्रा," असं त्यांचं म्हणणं. दुर्गापुऱ्यातला भाजीवाला हेल्मेट उतरताना बघूनच भाव पाडतो. काकांना त्याचाही राग येतो, कारण भांडण अर्धवट राहतं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. विमा कंपनीने नाशिकहून इथे बदली केली तेव्हा आई म्हणाली, "जयपुरात मराठी शेजार मिळाला, नशीबवान आहेस." आईने इथे एक उन्हाळा काढून दाखवावा. काका बँकेतून निवृत्त, काकू नाहीत, आणि डोक्यात बारा महिने मे. दूधवाला, वीजवाले, माझ्या गाडीचा हॉर्न, कोणी सुटत नाही. "ये नहीं चलेगा, भैया!" ऐकता ऐकता माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

ते ओरडत नाहीत फक्त मुलावर, श्रीरंगवर. श्रीरंग प्यायचा. बायको मानसी मुलीला घेऊन पुण्याला माहेरी गेली, तेव्हा कुठे तो उपचाराला तयार झाला. मानसीची अट सरळ होती. दर महिन्याला लघवी तपासायची, रिपोर्ट तिला पाठवायचा. सगळे स्वच्छ आले तर सुट्टीत ती परत येणार. तिकिटंही काढून झाली होती, आणि मेच्या रिपोर्टात दारू निघाली.

मानसीने तिकिटं रद्द केली. "मी घेतलेली नाही," श्रीरंग एवढंच म्हणत राहिला. मला त्याचा संताप आला. काकांना आला लॅबचा. "या लघवीला दारूचा थेंब शिवलेला नाही, छातीठोकपणे सांगतो!" त्यांनी उरलेला नमुना पुन्हा तपासायला लावला, आणि निकालाच्या दिवशी माझ्या रजेचं वाटोळं करून मला साक्षीदार म्हणून झालान्याच्या लॅबमध्ये नेलं. गाडीत श्रीरंगही होता.

लॅबच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. "अंकल, आप सही थे," त्या म्हणाल्या. काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या तपासणीत लघवीत दारू आहे, एवढंच कळतं. ती पोटातून आली का, ते कळत नाही. माणूस खरंच प्यायला तर शरीर त्या दारूपासून एक वेगळा पदार्थ बनवतं आणि तो दोन-तीन दिवस लघवीत सापडतो. या नमुन्यात तो नव्हता. साखर मात्र भरपूर होती. साखर, थोडं यीस्ट आणि ऊन, की दारू बाटलीतच तयार होते.

"सैंपल लाने में देर हुई थी?"

झाली असणार. नमुना लॅबला पोचवायचं काम काकांचं. बाटली त्यांच्या स्कूटरच्या डिकीत होती, आणि काका वाटेत वीज कार्यालयात आणि पेट्रोल पंपावर हेल्मेट काढून आले होते. पोचेपर्यंत दुपार कलली होती.

"श्रीरंगजी, आपको शुगर है?"

"नहीं," श्रीरंग म्हणाला आणि वडिलांकडे बघू लागला.

साखर कोणाला आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नव्या गोळीने ती लघवीवाटे जाते, हे काकांनी औषधवाल्याशी भांडताना सगळ्यांना ऐकवलं होतं. माझं डोकं फिरलं. या माणसाने स्वतःच्या लघवीची बाटली भरून दिली होती, आणि शिक्षा मुलाला झाली होती!

"बाबा, माझी बाटली कुठे गेली?"

"ओतून दिली." काकांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आदल्या दिवशी तू बगरूला मित्राच्या लग्नाला गेला होतास. उशिरा आलास."

"मग मला विचारायचं ना!"

"विचारलं असतं. आणि तू हो म्हणाला असतास तर?"

 माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली पुढे केली. श्रीरंगने ती घेतली, दारापर्यंत गेला आणि वळला. "या, दाराशी उभे राहा. तुमच्या डोळ्यांसमोर देतो."

काका उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पण परत घातला नाही.

"नको," ते म्हणाले. "मी इथेच बसतो. तू ये जाऊन."