जिन्याखालचा गरम वारा

निर्णय घ्यायचा म्हटलं की इंग्लंडमधल्या आमच्या हार्लो गावात लोक माझंच नाव घेतात. निदान मी तरी घेतो! चाळीस वर्षं नगरपालिकेच्या उद्यान खात्यात काढली. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं पाडायचं, हे मी एका नजरेत सांगायचो. मग घरातलं एक जुनं हीटिंग बदलायचं की नाही, हा काय प्रश्न झाला? "बुधवारपर्यंत निकाल लावतो," असं मी मॅव्हिसला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं. कुठला बुधवार ते सांगितलं नव्हतं, तेवढं एक बरं झालं.

आमच्याकडे भिंतीला लावलेले गरम पाण्याचे रेडिएटर नाहीत. जिन्याखालच्या कपाटात एक हिरवट लोखंडी धूड आहे, बावन्न वर्षांचं. ते आधी खोकतं, मग गुरगुरतं आणि मग जमिनीलगतच्या जाळ्यांतून गरम वारा सोडतं. सुरू असताना पावलं भाजतात आणि नाक थंडच राहतं. बंद केलं की दोन मिनिटांत सगळंच थंड. वाऱ्याबरोबर धूळ येते, मांजराचे केस येतात. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तर बिचाऱ्याचा दमच निघून गेलेला असतो.

मॅव्हिसला संधिवात. गेल्या हिवाळ्यात तिला सकाळी कपाचा कान धरता येईना. "लेन, मला रेडिएटर हवेत," ती म्हणाली. ती सहसा काही मागत नाही, त्यामुळे चर्चा तिथेच संपली. राहिलं एकच काम. सिरिलना सांगायचं.

सिरिल हॉबडे पलीकडच्या ओळीत राहतात. वय एक्क्याऐंशी. आमच्या ओळीतल्या चाळीसही घरांत ही यंत्रं त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली. एकेकाने ती काढून टाकली, आता उरलं फक्त आमचं. गॅसचं काम करायला परवानावाला माणूस वेगळा येतो, पण फिल्टर आणि पंखा सिरिलचा. दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ते टाय लावून येतात, कपाटात शिरतात, तीन तास खुडबूड करतात आणि मग आमच्याकडे जेवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको डोरीन गेली. गुरुवारी तिचा अंत्यविधी झाला आणि शनिवारी सिरिल हजर! टाय तेवढा काळा होता. अशा माणसाला 'तुमचं यंत्र भंगारात काढतोय' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मी सांगतो," मी म्हणालो आणि तडक त्यांच्या फाटकापाशी गेलो. वीस मिनिटांनी परत आलो.

"सांगितलंस?" मॅव्हिसने विचारलं.

"विषय काढला."

"कुठला?"

"पावसाचा."

मॅव्हिसने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही. मग तिने स्वतःच फोन करून रेडिएटर कंपनीच्या माणसाला मापं घ्यायला बोलावलं. हे मिस्टर ग्रिमवूड. अठ्ठावन्नचे असतील, डोक्यावर केस नाही, अत्यंत सभ्य. खिडकीखाली फीत लावून ते माप घेत होते, तोच दारात सिरिल! पंख्यासाठी कुठून तरी जुना पट्टा मिळवून आणला होता.

"हे कोण?" सिरिलनी विचारलं.

माझ्या तोंडून जे निघालं त्याची जबाबदारी मी आजही घेत नाही. "मॅव्हिसचा भाचा," मी म्हणालो. मॅव्हिस तेव्हा सहासष्ट वर्षांची.

जगात दुसरा कुठलाही माणूस म्हणाला असता, अहो, मी रेडिएटरसाठी आलोय. पण ग्रिमवूड पडले आमच्यासारखेच भिडस्त इंग्रज! चारचौघांत कुणाला खोटं कसं पाडायचं? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या फितीकडे पाहिलं, आणि भेटून आनंद झाला म्हणाले. सिरिलना तर त्यांच्याहून जास्त आनंद झाला. घरातलं कुणीतरी हे काम शिकून घ्यायला हवं असं त्यांना फार दिवस वाटत होतं म्हणे. त्यांनी ग्रिमवूडना सरळ कपाटात नेलं. तासभर तो बिचारा सुटाबुटात गुडघ्यांवर बसून बॅटरी धरत होता. बाहेर आला तेव्हा टकलावर कोळ्याचं जाळं लागलं होतं. जाताना "येतो, मावशी" म्हणाला आणि मॅव्हिसनेही सवयीने केकचा तुकडा बांधून दिला. आठवड्याने त्यांचं पत्र आलं. रेडिएटरची सगळी मापं, आणि खाली हाताने लिहिलेलं: फिल्टर दर सहा आठवड्यांनी धुवावा.

आता मॅव्हिसने शुक्रवारची मुदत दिली. मी गेलो. नेमका धो धो पाऊस, म्हणून सिरिलनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला आत घेतलं. आत छान उबदार होतं. अगदी नाकापर्यंत! पाहतो तर खिडकीखाली पांढराशुभ्र रेडिएटर, त्यावर मोजे वाळत घातलेले.

सिरिल कानापर्यंत लाल झाले.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "डोरीनला थंडी सोसत नव्हती. तुम्हाला सांगणार होतो हो, पण तुम्हा दोघांचा त्या यंत्रावर इतका जीव! म्हटलं, कशाला दुखवा. खरं सांगू? त्या कपाटात वाकलो की माझी कंबर आठवडाभर धरते."

सुटलो! फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात सिरिल खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण ऑक्टोबरच्या त्या शनिवारची मी वर्षभर वाट बघतो. डोरीन गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जेवलोच नाही. तरी तुम्हाला नको असेल ते यंत्र, तर सांगा हं. अगदी मोकळेपणाने."

"नको कशाला?" मी म्हणालो. "जीव आहे आमचा त्याच्यावर."

घरी आल्यावर मॅव्हिसने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अरे बावळटा, मग त्यांना नुसतं जेवायला बोलव ना!"

"काही कारण नसताना?" मी विचारलं. आमच्याकडे असं कुणी कुणाला बोलावत नाही. शेवटी, शनिवारी मीच सांगते, तुझ्यात दम नाही, असं म्हणून ती निजायला गेली.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार आला. टाय आला, तीन तास खुडबूड झाली, भाजलेली कोंबडी झाली. मॅव्हिसने सुरी-काटा खाली ठेवला. मी श्वास रोखला.

"सिरिल," ती म्हणाली, "तुम्ही दर रविवारी आमच्याकडेच जेवायला येत जा."

सिरिलचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर भलताच संकोच. "दर रविवारी?" ते चाचरत म्हणाले. "का? पंखा आवाज करतोय का?"

मॅव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "थोडासा."

तर असा आम्ही निर्णय घेतला. यंत्र राहिलं. पंखा तेव्हा अजिबात आवाज करत नव्हता, पण दर रविवारी उघडून बघितल्यावर आता करायला लागलाय.