गवताचा ताप

बसवनगुडीत लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात. आमचे राघूअण्णा आधी कुजक्या गवतात कोपरापर्यंत हात घालतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात, "स्वल्प ताप आहे. सरी!" म्हणजे थोडासा ताप आहे, ठीक.

रोगी म्हणजे बंगल्यामागचा खताचा ढीग. ताप असला की तब्येत उत्तम, असा रोगी मी तरी हा एकच पाहिला. मी त्यांचा माळी. सातवीत शाळा सोडली, बार्शीहून इतक्या लांब, कानडी मुलखात आलो. मराठी बोलणारा मालक मिळाला, वर राहायला खोली. म्हणून गवतावरचं प्रवचन मी पोथीसारखं ऐकतो.

"एक टोपली गवत, तर वाळका पाला किती?"

"दोन टोपल्या, अण्णा."

नातवाचा वाढदिवस ते विसरतात. पण ढीग कधी खालीवर केला ते भिंतीवर खडूनं लिहिलेलं असतं. खडू त्यांचा, हातही त्यांचाच. मला फक्त खोऱ्याची परवानगी. "तीस वर्षांत वास म्हणून आला नाही," हे कुरिअरवाल्यालाही ऐकवतात. बिचारा सहीसाठी अडकलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात अण्णा चार दिवस धारवाडला लग्नाला गेले. मी लॉन कापलं. ओलं गवत ढीगभर निघालं. वाटलं, दुप्पट खत होईल, अण्णा खूश होतील. सगळं दाबून भरलं, वर ताडपत्री घट्ट बांधली. गॅरेजातली पाल्याची पोती आठवलीच नाहीत.

ते परतले त्या सकाळी ताडपत्री काढली, तर आत हिरवा चिखल. वास असा, की शेजारच्या, मूळच्या बेळगावच्या पद्माक्का नाकाला पदर लावून फाटकाशी हजर.

"अहो अण्णा, काय हे? कुणी केलं?"

नोकरी गेली, खोली गेली, आता बार्शीला काय तोंड दाखवू?

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "मीच, अक्का. जायच्या घाईत ओलं गवत कोंबलं. वय झालं."

पद्माक्का तेवढ्या वासातही हसल्या. "आणि ते तीस वर्षांचं काय?"

"आता नाही सांगणार."

त्या गेल्यावर मी तोंड उघडलं. "पोती आण," एवढंच अण्णा म्हणाले. दिवसभर आम्ही दोघांनी चिखल उपसला, पाला मिसळला.

आठव्या दिवशी सकाळी अण्णा ढिगाशी उभे होते, शर्टाच्या बाह्या खालीच.

"हात घाल."

मी कोपरापर्यंत घातला. आत ऊब होती.

"स्वल्प आहे, अण्णा."

"सरी," म्हणाले, आणि खिशातला खडू माझ्यापुढे धरला.